उजव्या बाजूची चव

"जीभ काढ, पोट्टी."

चौबे कॉलोनीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंकडे गेलं, की चहाच्या आधी हे व्हायचंच. काडीला कापूस गुंडाळून त्या लिंबाचा थेंब माझ्या जिभेच्या कडेला लावत आणि माझं वाकडं झालेलं तोंड मन लावून बघत.

कॉलेजात जीवशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण शिकवायची खोड गेली नव्हती. "आंबटातलं आम्ल चवीच्या पेशीत घुसते. पेशी शेजारच्या नसेले खबर देते, नस मेंदूले. जीभ बिचारी फक्त चुगली करते." तुमच्याही ओळखीत असे शिक्षक असतील, त्यांच्यापुढे सुटका नसते.

त्यांची डावी बाजू मात्र चुगली करत नव्हती. जिभेच्या पुढच्या भागाची नस कानातून, पडद्याजवळून जाते. डाव्या कानाच्या ऑपरेशनमध्ये ती दुखावली होती. त्या कानानं ऐकूही धड येत नसे. "अर्धी जीभ रिटायर," म्हणत त्या उजवीकडून चावत. हंगामात अंबाडीची भाजी रोज. भाजीवाली तिच्या बोलीत तिला अमारी म्हणे आणि काकूंसाठी जुडी बाजूला ठेवी.

"एकटीचं जेवण मुकं असते गं," एकदा म्हणाल्या. "आंबट असलं की तेवढंच बोलते काही."

काका गेलेले, मुलगा बंगळुरूला. रविवारी त्याचा फोन यायचा, बस.

मग उजवा कान वाहायला लागला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं नाही तर ऐकू येणं जाईल. केलं तर इकडचीही चव जाऊ शकते. काकूंनी बरेच दिवस टाळलं. चिंच चोखत नुसत्या बसायच्या.

"हव, करून घेते," शेवटी म्हणाल्या. "पोट्ट्याचा फोन ऐकू आला पाहिजे ना."

कान वाचला. चव गेली. "गिळताना मागं जराशी कळते, तिथली नस वेगळी आहे," असं शिकवणं चालूच होतं, पण अंबाडी आणणं बंद झालं. आणि मुलगा फोनऐवजी मेसेज पाठवू लागला. त्याला वेळ नसेल. मला त्याचा राग यायचा, अजूनही येतो.

काकू या हिवाळ्यात गेल्या. त्याआधीच्या एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्या जेवत होत्या. मोबाइल वाजला. घास ताटात ठेवून त्यांनी तो घाईघाईनं उजव्या कानाला लावला. विमा घ्या म्हणून रेकॉर्ड केलेला आवाज होता, मलाही ऐकू येत होता.

"काकू, ठेवा ना," मी म्हटलं.

त्यांनी मला हातानं थांबवलं आणि तो आवाज संपेपर्यंत ऐकत राहिल्या.