नातालबायची सातवीण

नातालबाय सातविणीची साल काढायला जात, तेव्हा आधी लांबूनच खाकरत. मग खोडावर टकटक करून सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "शिपाईबाबा, टीचरला ताप आलाय. बोटभर साल घेऊ का?" थोडा वेळ कान देऊन उभ्या राहत आणि शेजारणींकडे वळून सांगत, "घे म्हणतो."

ती टीचर म्हणजे मी. सत्तरच्या दशकात मला माणिकपूरच्या शाळेत नोकरी लागली आणि नातालबायच्या घरची पडवीलगतची खोली मी भाड्याने घेतली. पहिल्याच वर्षी थंडीतापाने अंथरुणाला खिळले. बाय काढ्याचा पेला घेऊन उशाशी बसल्या. त्या काढ्याचा कडूपणा जिभेवरून उतरायला संध्याकाळ झाली. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाल्या, "गोड लागलं तर ते सरबत, टीचर. औषध नाय." आमच्या आळीतली मुलं ताप आला तरी कपाळाला हात लावू देत नसत, त्याचं कारण मला तेव्हा कळलं.

बरी झाल्यावर मी शिपायाची चौकशी केली. बायनी दार लोटून घेतलं. "तुमी शिकलेल्या, म्हणून तुमाला खरं सांगते. शिपाई-बिपाई कोन नाय. मीच बसवलाय त्याला." बावखलाच्या, म्हणजे वाडीला पाणी पुरवणाऱ्या तळीच्या, पलीकडच्या काठावर पूर्वी आणखी एक सातवीण होती. लोकांनी औषधाला म्हणून तिची साल चहूबाजूंनी सोलली आणि ती उभ्या उभ्या वाळली. मग बायनी उठवून दिलं की आपल्या झाडावर जवळच्या जुन्या किल्ल्यातला एक फिरंगी शिपाई राहतो. बिचारा तापाने मेला, आणि न विचारता साल नेणाऱ्याला तो आपला ताप देतो.

गावाने शिपायाला इतकं आपलंसं केलं की तो बायच्या हातात राहिला नाही. कुणी त्याला दाढी चिकटवली, कुणी बूट घातले. शेजारचा इनास तर सांगायचा की शिपाई माझ्याकडे बिडी मागतो. बायना ते फार लागलं. "माझा शिपाई बिडी ओढत नाय," त्या मला चिडून म्हणाल्या.

पंचाईत झाली ती त्यांच्या मुलाचं, सायमनचं, लग्न आगाशीच्या मार्थाशी ठरलं तेव्हा. मार्थाचे वडील घर बघायला आले, झाडाची कीर्ती ऐकली आणि चहाला हात न लावता म्हणाले, "भुताच्या दारात पोरगी देणार नाय." सायमनचं तोंड उतरलं. बायनी सगळं कबूल केलं. व्याह्यांचा विश्वास बसेना, म्हणून बिडीची थाप मारणाऱ्या इनासलाच साक्षीला बोलावलं. इनासला तो आपला अपमान वाटला. "तुला दिसत नसेल, बाय," तो म्हणाला. "मला तर काल पण भेटला."

शेवटी बाय फादरांकडे गेल्या. मी सोबत होते. फादर म्हणाले, "नातालबाय, जे भूत नाहीच, ते मी घालवू कसं?"

"तुमी नुसतं पाणी शिंपडा, फादर. नसलेलं काय, आपोआप जाईल."

फादरांनी बराच वेळ हनुवटी चोळली, पण रविवारी मिस्सा झाल्यावर येऊन गावासमोर झाडावर पवित्र पाणी शिंपडलं. व्याही राजी झाले, लग्न झालं. पण भूत गेल्याची खात्री गावालाही पटली होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून लोक कोयते घेऊन येऊ लागले. कुणाच्या सासूला ताप, कुणाच्या म्हशीला. सालीचे पट्टेच्या पट्टे गेले, खोडावर पांढरा चीक गळू लागला. नव्या सुनेचं कौतुक करायचं सोडून बाय दिवसभर झाडाखाली खुर्ची टाकून रोझरी म्हणत बसायच्या. हाताला मणी, डोळे कोयत्यांवर. जेवण जाईना.

सासूबाई घरात का येत नाहीत, असं मार्थाने मला विचारलं. मी सांगितलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुणं घेऊन बावखलावर गेली आणि बायकांना अगदी साधेपणाने विचारलं, "आमच्या झाडाखाली तो बूटवाला माणूस उभा असतो, तो कोन? मला बघून सलाम करतो." बायकांनी अर्धवट धुतलेले कपडे तसेच उचलले. संध्याकाळपर्यंत एकही कोयता वाडीत उरला नाही. इनासने तर छाती पुढे काढून गावभर सांगितलं, "मी म्हणत नव्हतो?"

बाय त्या दिवशी माझ्या खोलीत येऊन जेवल्या. दोनदा भात वाढून घेतला. म्हणाल्या, "टीचर, एवढं साफ खोटं बोलणारी सून मिळाली. आता मी मेले तरी चालेल." मात्र त्यानंतर त्या चांगल्या धडधाकट राहिल्या, आणि कुणाला किती साल द्यायची यावरून सुनेशी रोज भांडल्या.

त्या गेल्या तेव्हा मी माणिकपूर सोडलं होतं, पण मातीला पोहोचले. फादर नवीन होते, त्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं. प्रवचनात त्यांनी सांगितलं की आपली नातालबाय जन्मभर कधी खोटं बोलली नाही. माझ्या शेजारी मार्था उभी होती. तिने रुमाल तोंडावर दाबून धरला आणि तिचे खांदे हलू लागले. मागच्या बायका हळहळल्या, बघा, सून असून कशी रडते. मी तिचा हात धरला. ती रडतही होती.