अंगण चोपलं त्या दिवशी

माझी शाळा चौथीत सुटली. तरी सासरच्या बायकांत लिहिता येणारी मी एकटीच, म्हणून घरातली पत्रं माझ्याच हातची जात. सन तीसच्या आसपासची ही गोष्ट. नवरा मुंबईला गिरणीत. सासूबाई सांगत, मी लिहीत असे.

माहेर घाटावर, फार लांब. तिथली जमीन काळी आणि सपाट. इथे तांबडी माती, आणि घरातून निघालेली प्रत्येक वाट उताराची. वर्ष व्हायच्या आत मला धडकी भरू लागली. एकाएकी छाती धडधडे, हात कापत, पायाखालची जमीन सरकतेय असं वाटे. एकदा विहिरीवर असं झालं आणि कळशी सुटून तळाला गेली.

सासूबाईंनी पोस्टाचं एक कोरं कार्ड आणवून कोनाड्यात ठेवलं. म्हणाल्या, "पुन्हा असा झाला, तर तुझ्या बापाला लिहायचा. येऊन घेऊन जा म्हणावा."

लिहिणार कोण? मीच. येता-जाता ते कार्ड दिसे. माझ्या पाठच्या तीन बहिणी लग्नाच्या होत्या. मी परत गेले असते, तर त्यांना कोणी विचारलं नसतं.

पाऊस संपला की भातझोडणीआधी अंगण करतात. खणायचं, पाणी शिंपायचं, लाकडी चोपण्यांनी माती बडवून घट्ट करायची, मग सारवायचं. त्या दिवशी एका टोकाला जाऊबाई, दुसऱ्या टोकाला मी आणि नवऱ्याची विधवा आत्या. सासूबाई शेतावर गेल्या होत्या. चोपता चोपता माझ्या छातीत सुरू झालं. चोपणं हातातून पडलं.

"निज," आत्याबाई म्हणाल्या.

"कुठं?"

"हितंच. जमिनीवर."

"ओलं आहे. आई ओरडतील."

"ओरडू दे. निज आधी."

मी उताणी पडले. त्या उशाशी बसल्या. "डोळे मीट. टाचा टेक. टेकल्या? आता त्यांचा भार सोड. धरून कशाला ठेवतेस गो? पोटऱ्या सोड. कंबर. आता पाठ... पाठ अजून धरून हायस."

"आत्याबाई, मी पडेन."

"हितून खाली कुटं पडशील बाय?"

पलीकडून जाऊबाई म्हणाल्या, "पडली तर गळ टाकून काढू. कळशी काढली तशी!"

मला हसू आलं, आणि त्या हसण्यात पाठ सुटली. मातीचा गारवा लुगड्यातून अंगात शिरला. जाऊबाईंचं चोपणं थांबलं नव्हतं. त्यांचा प्रत्येक घाव जमिनीतून माझ्या पाठीत येत होता. धप्. धप्. वर छातीची घाई, खाली तो सावकाश ठोका.

"तिच्या हाताकडं ध्यान दे," आत्याबाई म्हणाल्या. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी खालचाच ठोका तेवढा ऐकू येत होता.

उठले तर मातीत माझा ठसा. टाचा, खांदे, डोक्याचा खळगा. तो चोपून बुजवायच्या आत सासूबाई आल्या.

"ह्या काय? म्हशी लोळल्या काय अंगणात?"

"मी निजले होते, वयनी. कंबर धरली," आत्याबाई म्हणाल्या.

आत्याबाई इवल्याशा. ठसा माझ्या उंचीचा. सासूबाईंनी ठसा पाहिला, माझ्या पाठीची माती पाहिली, आणि घरात गेल्या.

उन्हं उतरल्यावर त्यांनी कोनाड्यातलं कार्ड काढलं. "बस. लिही."

पडवीत गुडघे उभे करून मी बसले. टाक हातात ठरेना. मी टाचा टेकल्या, त्यांचा भार सोडला.

"चिरंजीवास आशीर्वाद," सासूबाई म्हणाल्या. पत्र नवऱ्याला होतं. "अंगण झाला. कळशी मिळाली. घरात सगळी बरी हायत." कार्डावर बोट ठेवलं. "सगळी, असा लिही."

मी तसं लिहिलं.

धडकी त्यानंतरही येत राहिली. आली की मी अंगणात जाऊन निजत असे. आत्याबाईंना हे कोणी शिकवलं, ते विचारायचं राहून गेलं. त्यांचे उपकार मात्र अंगावर आहेत. एकदा त्या घरी नसताना मी अशीच निजले होते, तेव्हा सासूबाई सूप घेऊन बाहेर आल्या आणि माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसल्या. बऱ्याच वेळाने, मागे न बघताच म्हणाल्या,

"टाचा टेकल्यास काय?"