भिंतीत गेलेलं पाणी

काल कॉलेजच्या फाटकातून आत शिरलो आणि ओल्या चुन्याचा वास आला. फादरांच्या पुण्यतिथीसाठी जुन्या इमारतीला सफेदी चालली होती. त्या वासानं मला चाळीस वर्षं मागं नेलं. तेव्हा इथं मिशनची तीन खोल्यांची शाळा होती, फादर हेडमास्तर होते आणि मी नवा मराठीचा मास्तर.

चौथ्या खोलीचा पाया भरायचा होता. फादरांनी प्रार्थना म्हणून पवित्र पाणी शिंपडलं आणि उरलेलं भांडं माझ्याकडं सोपवलं. हात भरून आला म्हणून मी ते क्षणभर खाली ठेवलं, तेही नेमकं कालवलेल्या चुन्याजवळ. बांधकामावर मजुरीला आलेल्या मैंदर्गीच्या भागव्वानं ते उचलून चुन्यात रिकामं केलं आणि फावडं मारलं.

मला घाम फुटला. नोकरीला पंधरा दिवसही झाले नव्हते.

"पाणी कमी पडलं, वतलं की," भागव्वा म्हणाली.

फादरांनी चुन्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मास्तर, मी वरवर शिंपडलं. बाईनं आतपर्यंत पोचवलं," एवढंच म्हणून ते रिकामं भांडं घेऊन गेले.

त्यांनी मला सांभाळून घेतलं, असं तेव्हा वाटलं. आता कळतं, ते मनापासून बोलले होते.

पुढं भागव्वा तिथून जाताना त्या खोलीच्या भिंतीला हात लावून कपाळाला न्यायची. "माजं पाणी हाय हितं," म्हणायची.

उद्याच्या भाषणांत फादरांच्या इमारती मोजतील. काल मी आजूबाजूला बघून त्याच भिंतीला हात लावला. तळवा पांढरा झाला. घरी येईपर्यंत तो पुसला नाही.