उखळकर साहेबांचं जेवण

सत्तर साली माझी पोस्टिंग पलटणीच्या ऑफिसर्स मेसवर झाली, वेटर म्हणून. माझं गाव रिठद. घरी हातावर भाकर आणि भाकरीवर ठेचा, भाकर हेच ताट. इथे एका माणसासमोर काटे, चमचे, सुऱ्या यांची फौज. मेस हवालदारांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, धार आपल्या ताटाकडे.

"धार शेजाऱ्याकडे केलीस तर तो काय समजेल?"

"भांडण काढलं समजेल," मी म्हणालो. हवालदार हसले नाहीत. मेसमध्ये हसायलाही ऑर्डर लागत असावी.

त्याच वर्षी सेकंड लेफ्टनंट विजय उखळकर आले. वाशीमच्या कापड दुकानदाराचा मुलगा, जैन, मिशी अजून येऊ की नको या विचारात. मी रिठदचा आहे कळल्यावर माझ्याशी वऱ्हाडीत बोलू लागले. दिवस मावळल्यावर ते काही खात नसत, पाणीसुद्धा नाही. घर सोडताना आईला तसा शब्द दिला होता. संध्याकाळी ते मेसच्या किचनमध्ये येत आणि उभ्याउभ्या पोळी आणि बिनकांद्याचं मुगाचं वरण जेवत. रोज तेच.

"नामदेव, याच्यावर माणसाले अजून काय लागते?" असं म्हणून हात धूत.

अडचण डिनर नाइटची, म्हणजे सगळ्या ऑफिसरांच्या रात्रीच्या थाटाच्या जेवणाची. पलटणीचे प्रमुख सीओ साहेब उठेपर्यंत कुणी टेबल सोडायचं नाही. आम्ही दोघांनी तोड काढली. मी त्यांच्यासमोर इतरांसारखीच पूर्ण मांडणी करायचो. काटा-सुरी ताटात शेजारीशेजारी ठेवली की जेवण संपलं, ही मेसची रीत. ते कोऱ्या ताटात काटा-सुरी ठेवायचे आणि मी ते उचलायचो. बरेच दिवस निभावलं. एकदा सीओ साहेबांची नजर पडली.

"उखळकर, जेवण आवडलं नाही?"

"सर, मी सूर्यास्ताआधी जेवतो. आईला शब्द दिलाय."

मला वाटलं, आता दोघांचीही वरात निघणार.

"मग लपवतोस कशाला? तुझी जागा मांडलेली राहील. खायचं की नाही, ते तू बघ."

पुढच्या आठवड्यापासून सीओ साहेबांनी रोजचं जेवणही साधं केलं. वरण, भात, पोळी, एक भाजी. थाट फक्त डिनर नाइटला. तरुण ऑफिसर थोडे कुरकुरले. माझे पाय मात्र वाचले.

एकाहत्तरच्या डिसेंबरात मेसचं सामान पेट्यांत गेलं आणि आम्ही पंजाबच्या सरहद्दीवर. मला उखळकर साहेबांच्या प्लाटूनमध्ये टाकलं. दिवसा हललं की समोरून फायर यायचं, म्हणून गरम जेवण अंधार पडल्यावरच मोर्चावर पोचायचं. साहेब दिवसभर गूळ-फुटाण्यांवर काढायचे. गाल बसले. मी म्हणालो, दुपारी मागं जाऊन तुमच्यापुरत्या पोळ्या आणतो. ते भडकले.

"माह्या पोळीसाठी कोणी मरायचं नाही. समजलं?"

मग ऑर्डर आली. पहाटे समोरच्या चौकीवर अटॅक. त्या संध्याकाळी अंधार पडल्यावर मी दाल-रोटी वाटली. जवानांनी रोट्या हातात धरल्या आणि तसेच बसून राहिले. प्लाटून हवालदार पुढे झाले.

"साहेब, जवान खात नाहीत."

"का?"

"पहाटे अटॅक, आणि तुम्ही उपाशी म्हणून."

"माझी ऑर्डर आहे. खा."

कुणी हललं नाही. पंगतीत एकाचं ताट रिकामं असताना घास उचलायचा नाही, हे त्या पोरांना कुठल्या मेसने शिकवलं नव्हतं. पहाटे चौकीवर धावून जायचं होतं, तेही रिकाम्या पोटी. साहेबांनी आपला मेसटिनचा डबा माझ्यापुढे धरला.

"वाढ."

"साहेब, दालीत कांदा हाये."

"वाढ म्हटलं ना तुले."

ते जेवले, मग सगळे जेवले. मला त्यांच्याकडे बघवेना.

पहाटे चौकी घेतली. शेवटच्या बंकरपाशी साहेबांच्या छातीत मशीनगनचा बर्स्ट बसला. वायरलेस सेटवर साहेबांचं नाव टायगर. हवालदार बोलले, "टायगर को लगी. ओव्हर."

"स्ट्रेचर भेजूँ? ओव्हर."

"अब नहीं चाहिए. आउट."

लढाईनंतर सुट्टी मिळाली. रिठदला जायच्या आधी साहेबांच्या आईला भेटायला वाशीमला उतरलो. एसटी उशिरा पोचली, दिवे लागले होते. अकोल्यापासून एकच वाक्य घोकत होतो: काकू, साहेब शेवटपर्यंत दिवसाउजेडीच जेवले.

काकूंनी विचारलंच. "माह्या पोरानं जेवणाचं पाळलं नं रे?"

घोकलेलं तोंडातून निघेना. खरं ते सगळं सांगून टाकलं, कांद्यासकट. त्या खाली बघून ऐकत होत्या.

"तो जेवला नसता, तं पोरं उपाशी राह्यली असती?"

"हो, काकू."

"मंग बरं केलं त्यानं."

पदराने डोळे पुसून त्या स्वयंपाकघरात गेल्या. चूल पेटल्याचा आवाज आला. मी उठलो.

"काकू, राहू द्या. तुमच्या घरी रात्री चूल पेटत नाही."

"तू त्याच्या पंगतीतला. बस."

समोर बसून त्यांनी गरम पोळी आणि वरण वाढलं. दोन पोळ्या झाल्यावर मी हात आवरता घेतला.

"त्यानं त्या दिवशी किती खाल्ल्या?"

"तीन, काकू."

त्यांनी तिसरी पोळी माझ्या ताटात वाढली.