दगडूबांचं चौथं कडवं

लग्न असो की जयंती, गाणं संपलं की टाळ्यांच्या आधी आमच्या आत्याचा प्रश्न यायचा, "कुणाचं हाय हे?" गाणाऱ्याला नाव सांगता आलं नाही, तर ती टाळी वाजवायची नाही. एकदा एक गायक म्हणाला, "पारंपरिक आहे." भर मांडवात आत्या म्हणाली, "म्हंजी? त्याच्या मायनं नाव नव्हतं का ठिवलं?"

आत्या देवगाव रंगारीची, चौथी शिकलेली. मी शहागंजातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. तेव्हा आमच्या भागातल्या लोककवींचा इतिहास छापायला आला होता. लेखक माझेच कॉलेजातले सर. एका रविवारी मी मुद्रितं घरी आणली. चाळता चाळता आत्याचं बोट एका गाण्यापाशी थांबलं. खाली छापलं होतं, 'कवी अज्ञात'. ते पान मी आदल्याच दिवशी तपासून बरोबरची खूण केली होती.

"अज्ञात कसला? आमच्या वस्तीतले दगडूबा! विहिरी खोदता खोदता गाणी जुळवायचे. लिहिता येत नव्हतं, म्हणून आम्हा पोरींकडून पाठ करून घ्यायचे."

सर छापखान्यात आले, तेव्हा मी तिला त्यांच्याकडं नेलं. तिथंच तिनं खड्या आवाजात गाणं म्हटलं. पुस्तकात तीन कडवी होती. आत्यानं चौथंही म्हटलं, आणि त्यात 'दगडू सांगे' असे शब्द होते. कामगारांनी हातातलं काम थांबवून ऐकलं. सर खूश झाले, पण म्हणाले, "आत्याबाई, एकटीच्या आठवणीवर इतिहास लिहिता येत नाही हो."

"मग कितीजणी आणू?"

आठ दिवसांनी ती दोन मैत्रिणींना घेऊन हजर. एक गावातच राहिलेली, दुसरी लग्न होऊन पैठणला गेलेली. सरांनी एकीला बाहेर बसवलं आणि दोघींकडून वेगवेगळं म्हणवून घेतलं. चाल जरा निराळी, एकदोन शब्द इकडचे तिकडे. पण चौथं कडवं दोघींनीही म्हटलं, आणि दोघींच्याही तोंडी दगडूच.

"मग हे कडवं गेलं कुठं?" सरांनी विचारलं.

"गायकांना टाइम नाय, म्हणून त्यांनी शेवटचं सोडलं," आत्या म्हणाली. "अन् माणूस नेमका तिथंच होता."

सरांनी लाल पेनानं 'अज्ञात' खोडलं.

आत्याला जाऊन दोन वर्षं झाली. तिची आठवण निघाली की मला प्रकाशनाचा दिवस दिसतो. दगडूबांची नात वाळूजच्या कंपनीतून, ड्युटी संपवून, गणवेशातच आली होती. छापलेल्या नावावरून तिनं दोनदा बोट फिरवलं. मग आत्याला हळूच विचारलं, "आजी, आमच्याकडं त्यांचा एकपण फोटो नाय. दिसायचे कसे?"

आत्यानं तिची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं वळवलं आणि निरखून पाहत म्हणाली, "हसून दाखव बरं."

पोरगी लाजून हसली.

"हां," आत्या म्हणाली, "असे."