भाऊजी, ताई आणि चमचाभर माती

डहाणू-तलासरीत असा एकही बांध नसेल, जिथे आमच्या भाऊजींनी चमचा खुपसला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. चिखल्याहून कुणी प्रेमाने चिकू आणले, तर हे विचारणार, "चिकू असू देत हो, झाडाखालची माती आणलीत का?" बोर्डीला सख्ख्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना गृहस्थ मांडवामागच्या वाफ्यात उकिडवे बसलेले सापडले. एका मुठीत अक्षता, दुसऱ्या मुठीत माती.

हे सगळं कशापायी, तर मातीतल्या स्लाइम मोल्डपायी. ही बुरशी नव्हे आणि जनावरही नव्हे. खायला मिळतंय तोवर यातला एकेक एकपेशीय जीव आपापला भटकतो. अन्न संपलं की हजारोंनी एकत्र येतात आणि केसाएवढा देठ उभारतात, वर टाचणीसारखं डोकं. ते भाऊजी बशीत वाढवणार आणि भिंगातून बघणार. माती मात्र फ्रिजमध्ये, इडलीच्या पिठाला खेटून. "माझ्या माहेरच्यांची कधी एवढी बडदास्त ठेवली नाहीत," ताई करवादायची.

चिकूच्या वाडीतली पांढरी डोकी त्यांना पाठ होती. ध्यास होता जांभळ्या डोक्याचा, तोही तलासरीच्या भातशेतातला. रोपांसाठी पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात, तो राब पेटायच्या आधीची माती त्यांना हवी असायची. शेतकऱ्याने काडेपेटी काढली, की हे धावत, "थांबा हो, एक चमचा घेऊ द्या!" तो हसून म्हणे, "घ्या मास्तर. पण जांभळं निघालं तर आम्हाला पण दाखवा."

गेल्या वर्षी भाऊजींची नजर गेली. कडेचं अंधुक दिसतं, समोरचं नाही, आणि ते आता परत येणार नाही. परवा गेलो, तर भिंगाला डोळा लावून ताई बसलेली.

"डोकं कसलंय?" भाऊजींनी विचारलं.

"पांढरं."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. पांढरंच आहे."

भाऊजींचा चेहरा इतका पडला, की मला राहवेना. 'मला जांभळट वाटतंय' असं म्हणणारच होतो, पण ताईने डोळे वटारले.

मग ती उठली आणि स्वयंपाकघरातून चमचा घेऊन आली. "अहो, शर्ट बदला. तलासरीला पलीकडच्या पाड्यावर अजून राब भाजला नाही म्हणतात. त्याआधी पोचायला हवं."

भाऊजी शर्टाची बटणं चाचपू लागले. "आणि तिथलंही पांढरंच निघालं तर?"

"तर पांढरं म्हणेन," ताई म्हणाली आणि तिने वाकून त्यांच्या चपला पायांशी सरळ करून ठेवल्या.