मिठाचा रंग

प्रिंटरमधून कागद पुरता बाहेर यायच्या आतच तो त्याचं टोक धरून उभा असायचा. ओढायचा नाही, नुसता धरायचा. बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवरा ताटकळतो तसा. कागद सुटला की धावत दारात जायचा, उन्हात धरायचा, तिरका करायचा आणि म्हणायचा, "नाय. अजून एक काढतो."

तुमच्याही शेजारी असा एखादा असेल, ज्याच्याकडे नुसतं बघून आपल्याला दम लागतो. उरणजवळच्या आमच्या गावात त्याच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. तो बंदरावर कंटेनर तपासायच्या कामाला होता. पाळी संपवून आला की चहा उभ्यानंच प्यायचा आणि प्रिंटर चालू करायचा. पलीकडून घरघर सुरू झाली की आमचे हे टीव्हीचा आवाज वाढवत.

छापायचा होता एकच फोटो. मिठागराच्या शेवटच्या हंगामात त्यानंच काढलेला. आईच्या डोक्यावर पाटी आणि मागे मिठाची रास. पुढे त्या मिठागरावर भराव पडला, त्यावर कंटेनरचं यार्ड झालं आणि हा नेमका त्याच यार्डात नोकरीला लागला. जमीन गेली हे म्हातारीला ठाऊक होतं, पण ती पुन्हा तिकडे फिरकली नव्हती. घरात बसून एवढंच म्हणायची, "आपलं मीठ कसं दिसायचं, ते मना येकदा बगायचंय."

हे ऐकून मुलगा स्वस्थ कसा बसेल? त्यानं फोटोंसाठीचा खास प्रिंटर आणला. पहिली प्रत सुरेख आली होती, मी स्वतः पाहिली. त्यानं ती आईपुढे धरली.

"पिवलं दिसतंय रं," आई म्हणाली. "आपलं मीठ असं नवतं."

झालं! त्या दिवसापासून गड्याच्या जिवाला चैन नाही. चकचकीत कागद झाला, मग मॅट झाला. सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार चुकीचा निवडला तर शाई फार सुटते, हे मी न विचारता मला शिकवून झालं. प्रिंटरला स्वतःहून रंग सुधारायची खोड असते म्हणे, ती त्यानं बंद केली. खाऱ्या हवेत कागद ओलसर होतात म्हणून ते डब्यात घालून तांदळाच्या पिंपात ठेवले. एकदा मी विचारलं, "यात पांढरी शाई कुठली रे?" त्यानं कपाळावर हात मारला.

"वयनी, पांढरी शाई नसतेच यात. कागदाचं पांढरं तेच मिठाचं पांढरं. बाकीचे रंग किती मागं ठेवायचे, तेवढंच आपल्या हातात."

पण आईचं उत्तर ठरलेलं. पिवलं. मग हा पिवळा आणखी कमी करायचा, निळा जरा वाढवायचा. प्रत सुकेपर्यंत थांबायचा धीर नव्हता. ओलीच भिंतीवर लावायचा. अशा प्रती भिंतभर झाल्या आणि रास दिवसेंदिवस निळी होत गेली. शेवटी मी बोललेच, "अरे, हे मीठ आहे की नीळ?"

"वयनी, तुमी मीठ बरणीत बगितलं. आयनं डोक्यावर वाहिलं."

मी आपली घरी आले.

मग एके सकाळी म्हातारी उंबऱ्याला अडखळून पडली. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, दोन्ही डोळ्यांत वाढलेला मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, यातून पांढरंही पिवळट दिसतं. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. शेवटची पट्टी निघाल्यावर ती घरी आली, भिंतीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "या फोटूंना काय झालं रं? समदं निलं!"

मला हसू फुटलं. पण त्याचं तोंड पाहिलं आणि मी पदर तोंडाला लावला. इतका उतरलेला चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता.

त्यानं सगळी सेटिंग पहिल्यासारखी केली आणि एक प्रत काढली. आईनं राशीवरून बोट फिरवलं. "हां. हेच. तुज्या बापाच्या हातची रास." प्रत तिनं आपल्याजवळच ठेवून घेतली. मग म्हणाली, "आता नीट दिसतंय. मना तिथं न्ये."

त्यानं टाळाटाळ केली. ऊन आहे, धूळ आहे, डोळ्यांत औषध आहे. म्हातारी हटेना. अखेर एका रविवारी तिला स्कूटरवर बसवून तो घेऊन गेला. परत आले ते दोघंही थेट घरात गेले. त्यानंतर प्रिंटर काही वाजला नाही. आणि खरं सांगते, मला ती शांतता सोसवेना.

थोड्याच दिवसांत त्यानं दुसऱ्या बंदरावर बदली मागून घेतली. सामानाचा टेंपो दारात आला. म्हातारी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, हा मागे दोरी आवळत होता. मी विचारलं, "त्या दिवशी तिथं काय झालं रे?"

"कुंपनाबाहेर उभी केली. म्हनलो, आय, हितंच. लई वेल बगत होती. मना वाटलं, आता रडंल." त्यानं गाठ मारली, पुन्हा सोडली. "तर कंटेनरांकडं बगून म्हनली, किती रंग हायत रं या डब्यांना! मग घरी येऊन ती प्रत माज्या हातात दिली. म्हनली, तुज्याजवल ठेव. मी येकदाच बगितलं. तुला रोज तिथं उभं राहायचं हाय. त्या दिसापासून मना तिथं उभं राहवंना."

एवढं बोलून तो टेंपोत चढला. दोरी तशीच अर्धवट राहिली होती. ती मी बांधली.